पहिला शब्द पंतांचा

कारखाना वसाहत, ता. कोपरगाव
१६ जानेवारी १९४५

चि. इंदू,

आज अंगावर पाणी घेताना पाथर्डीच्या शाळेतला तो आवाज एकदम कानांत आला. मी कवितेची पहिली ओळ म्हणायचो आणि सगळा वर्ग दुसरी उचलायचा. पत्र्याच्या छपराला आपटून तो आवाज परत खाली यायचा, आणि त्यात तुझा वेगळा ओळखू यायचा, कारण तू सगळ्यांच्या अर्धी मात्रा आधी सुरू व्हायचीस. मी म्हणायचो, "इंदे, दम धर, सगळ्यांबरोबर म्हण." तू म्हणायचीस, "सगळे म्हणतीलच कशावरून, नाना?" तांब्या हातात तसाच राहिला आणि पाणी गार झालं. तुझी वहिनी बाहेरून विचारत होती, बरं आहे ना म्हणून.

तर बरं आहे. माझी तब्येत उत्तम आहे. दर दिवाळीला मी तुला लिहितो आणि तू उत्तर देत नाहीस. या वेळी दिवाळी नसताना लिहितो आहे, म्हणून काळजी करू नकोस. तिळगूळ पाठवणार होतो. पण साखर कारखान्यात राहून गूळ मिळत नाही आणि साखर मोजून मिळते, असे हे लढाईचे दिवस.

तुझ्या भावाचं, दत्तूचं, चांगलं चाललं आहे. रसशाळेत, म्हणजे उसाचा रस उकळतात तिथं, त्याचं नाव आहे. अजून कायम केलेलं नाही, पण हा गळीत हंगाम संपला की करू, असं पुंडेसाहेब म्हणतात. पुंडेसाहेब म्हणजे इथले मॅनेजर.

आता हसू नकोस. तुझा बाप पत्ते खेळायला लागला आहे. साहेब साखरेचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत लुइझियाना नावाच्या प्रांतात होते. तिथून त्यांनी साखरेबरोबर हाही एक खेळ आणला. पोकर म्हणतात. दिवेलागणीला क्लबात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, टेबलाभोवती चौघं बसतो: साहेब, मी, दत्तू आणि इथले डॉक्टर. मी पैसे लावणार नाही म्हणालो, तेव्हा साहेबांनी चिंचोके आणवले. "पंत, चिंचोक्याला तरी सोवळं नाही ना?" म्हणाले.

प्रत्येकाला पाच पानं मिळतात, ती आपली आपण बघायची. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला जो असेल त्यानं पहिल्यांदा बोलायचं: डाव उघडतो, म्हणजे चिंचोके लावतो, किंवा पानं टाकतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. जे राहतील त्यांनी नको ती पानं बदलून घ्यायची आणि पुन्हा चिंचोके लावायचे. खरं म्हणजे वाटणारा दर डावाला बदलायचा असतो, असं डॉक्टरांनी मला वाटेत हळूच सांगितलं. पण साहेबांच्या हातून गड्डी मागणार कोण? इथं रोज तेच वाटतात. पहिल्या दिवशी वडीलधारा म्हणून त्यांनी मला मानानं आपल्या डाव्या हाताला बसवलं, ते बसवलंच. त्यामुळं या टेबलावर पहिला शब्द नेहमी माझा.

आणि मला येतात ती सगळी बारकी पानं. दुर्रीची जोडी, तिर्रीची जोडी, फार तर पंजीची. तरी पाचांत दोन सारखी दिसली की मला यमक जुळल्यासारखं वाटतं, आणि जुळलेलं यमक मोडून टाकणं या हातानं कधी केलेलं नाही. मी म्हणतो, उघडतो. मागून कोणाच्या तरी राजाराण्या निघतात आणि माझे चिंचोके उचलून नेतात.

दत्तूची सुमेधा या वर्षी मॅट्रिकला आहे. परीक्षा मार्चअखेर, नगरला. भूमितीत बापावर गेली आहे आणि कवितेत माझ्यावर. तिच्याविषयी पुन्हा लिहीन.

तुझे नाना


३ फेब्रुवारी

चि. इंदू,

मागचं पत्र मिळालं असेलच. इथलं टपाल कारखान्याच्या ऑफिसातून एका पिशवीत जातं, म्हणून विचारलं. पाकीट चिकटवताना खळ कमी पडली असेल तर ते आपोआप उघडतं, असं ऑफिसातला कारकून म्हणत होता. या वेळी नीट लावली आहे.

सगळं ठीक. सुमेधा आता कोपरगावच्या शाळेत जात नाही, घरीच वाचते. जाण्यायेण्याचा त्रास वाचला. वसाहतीच्या फाटकावर हल्ली पास लागतो, बायकामाणसांनाही, आणि पासावर साहेबांची सही लागते. त्यांना कामं फार, म्हणून सही राहून जाते.

साहेब ज्योतिषाचे हौशी आहेत. त्यांनी सुमेधाची पत्रिका सहज बघायला मागितली, असं दत्तू म्हणाला. मागे एकदा दत्तू मफलर विसरला होता, तो द्यायला ती क्लबात आली होती, तेव्हा त्यांनी तिला पाहिलं. "ही कोण? दत्तोपंतांची? वा." एवढंच म्हणाले आणि पानं वाटायला लागले.

काल त्यांनी मला शिकवणी दिली. जन्मभर मी दुसऱ्यांना दिली. आता या वयात घेतो आहे.

"पंत, राग मानू नका, पण तुम्ही बोललात की आम्हांला कळतं, बारकी जोडी आहे."

मी म्हटलं, "आहे ते आहे."

"पण तुमची जागा बघा ना. पहिल्या जागेवर बारकी जोडी म्हणजे लग्नाच्या पंगतीत आधीच पाटावर जाऊन बसलेलं पोर. मागून कोण व्याही, कोण विहीण येतेय त्याला ठाऊक नाही. आल्यावर त्यालाच उठवणार. तेव्हा उघडायची नाही. मुकाट्यानं टाकायची."

"कधीच नाही खेळायची?"

"खेळायची की. शेवटच्या जागेवर बसलेल्यानं. तोवर सगळ्यांचं बोलून झालेलं असतं, कोण किती पाण्यात आहे ते कळलेलं असतं."

"आणि शेवटची जागा कुणाची?"

"वाटणाऱ्याची," साहेब म्हणाले आणि हसले. डॉक्टरही हसले. दत्तू पानं लावत होता.

डॉक्टर म्हणाले, "पंत, शिकून घ्या. साहेब कोणाला फुकट शिकवत नाहीत."

मग मी खरोखरच टाकायला लागलो. चौकीची जोडी आली, टाकली. दुर्रीची आली, तीही टाकली. पालथी पडलेली ती दोन पानं बघून वाटलं, चाल लागलेली कविता मध्येच बंद करून वर्गाला गणित घालावं, तसं काहीतरी मी करतो आहे. पण चिंचोके वाचले, हे कबूल करायला हवं.

एक दिवस मी म्हटलं, आज नाही येत, कंबर धरली आहे. दत्तूनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी टोपी घातली.

जावईबापू गहिनीनाथरावांना नमस्कार. त्यांच्या मातोश्रींनाही, त्यांना चालत असेल तर.

तुझे नाना


१९ फेब्रुवारी

इंदू,

हे पत्र ऑफिसच्या पिशवीतून येत नाही, बन्सी गाडीवानाच्या हातून येतं आहे, म्हणून आता सरळ लिहितो.

बन्सी तुमच्या राहात्याच्या शिवारातून ऊस आणतो. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते, तिथं मी सकाळी फिरायला जातो. तेवढीच माझी हद्द. तिथं त्याची ओळख झाली. म्हणाला, "इंदूआक्काचं वडील व्हय तुमी? आवो आमचं रान शेजारी हाय त्यांच्या. बेस हाय आक्का. सासू लई खट. साळूबाई. इतकी वर्सं झाली, सुनेशी शब्द बोलत न्हाई, पर भाकरी लागती सुनेच्याच हातची. दुसऱ्या कुनी थापली तर ताट सरकवून देती." ऐकून मला हसू आलं, आणि ते मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

तू गहिनीनाथरावांशी नोंदणीचं लग्न केलंस तेव्हा दत्तूनं या घरात तुझं नाव बंद केलं. बामणाची पोर मराठ्याच्या घरात गेली म्हणून इकडं कुलूप, आणि मराठ्याच्या घरात बामणीण आली म्हणून तिकडं. अशा घरी मी काहीतरी मागायला येतो आहे, तर शांतपणे वाच.

पुंडेसाहेबांनी सुमेधाला मागणी घातली आहे, स्वतःसाठी. ते बिजवर आहेत. पहिली बायको वारली, मुलं पुण्याला त्यांच्या बहिणीकडे आहेत. थोरला सुमेधापेक्षा थोडाच लहान असेल. पत्रिका जुळते म्हणतात, त्यांनीच जुळवली. मुहूर्त फाल्गुन शुद्धातला धरला आहे, म्हणजे परीक्षेच्या ऐन तोंडावर. परीक्षा कशाला हवी आता, असं साहेब दत्तूला म्हणाले. मॅनेजरच्या बायकोला काय नोकरी करायची आहे?

मी दत्तूला विचारलं. तो जोडे काढत होता, मान वर केली नाही.

"नाना, आपण राहतो ते घर त्यांचं. दिवा त्यांचा, पाणी त्यांचं. उद्या हंगाम संपला आणि मला कमी केलं तर कुठं जायचं सगळ्यांनी? तुमच्या पाथर्डीच्या शाळेत?"

"मुलगी तरी आपली ना?"

"माणूस वाईट नाही, नाना. दारू नाही, काही नाही."

"तू तिला विचारलंस?"

"तुम्ही आमच्या आईला विचारलं होतंत?"

दत्तू वाईट नाही, इंदू. तू त्याला लहानपणी पाहिलं आहेस. आडात डोकावतानासुद्धा तो दुसऱ्याचा सदरा धरायचा. त्याची रसशाळा दिवसरात्र चालते आणि तो त्या वाफेत उभा असतो. त्याला रात्री झोप लागत नाही, हे भिंतीपलीकडून मला कळतं.

सुमेधा रडत नाही, त्याचीच भीती वाटते. परवा प्रमेय सोडवता सोडवता तिनं विचारलं, "आजोबा, क्लबात पहिल्यांदा तुम्ही बोलता ना?"

"हो."

"साहेबांच्याही आधी?"

"खेळाचा नियम आहे तो."

"मग घरात तुम्ही कितवे?"

पुन्हा खाली मान घालून वर्तुळ काढायला लागली.

मागणं असं: परीक्षा होईपर्यंत तिला तुझ्याकडे ठेव आणि नगरला नेऊन परीक्षेला बसव. पुढचं पुढं. फाटकाबाहेर तिला काढायचं कसं, ते मला कळत नाही. बन्सी म्हणाला, "रिकामी गाडी परत जाती ना मास्तर, पाचटाखाली झाकून नेतो की पोरीला." मी नको म्हटलं. तिला चोरून नेली तर ती जन्मभर चोरीचीच ठरेल. आपल्या घरातून एक मुलगी गेली ती दिवसाढवळ्या गेली, ताठ मानेनं, नाव सांगून. दुसरीही तशीच जायला हवी.

उत्तर बन्सीजवळ दे. नाही म्हणायचं असेल तरी दे.

नाना


२ मार्च

इंदू,

बन्सीच्या हातून अजून काही आलेलं नाही. त्याची गाडीच या आठवड्यात काट्यावर दिसली नाही. तरी लिहितो, कारण काल जे झालं ते तुला माझ्याकडून कळावं.

काल साहेब नेहमीपेक्षा खुशीत होते. पानं पिसता पिसता म्हणाले, "पंत, आज सगळे आहेत. दत्तोपंत आहेत, डॉक्टर साक्षीला आहेत. घरातले वडील तुम्ही. तुमचा होकार पहिला आला की बाकीचं रीतसर होईल. उद्या पुण्याला बहिणीला कळवतो." आणि पाच पानं माझ्यापुढं टाकली.

त्यांनी वेळ चांगली निवडली होती. घरी येऊन विचारलं असतं तर मी आजारी पडलो असतो, देवळात गेलो असतो, काहीही केलं असतं. इथं मात्र टेबलाशी बसल्यावर पहिलं बोलावंच लागतं.

मी पानं उचलली. तिर्रीची जोडी, एक बदामाची, एक किलवरची. बाकी तीन कचरा. टाकून द्यायची, हे आता मला पाठ झालं होतं. डावीकडे दत्तू होता. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या मनात कधीच काही नसतं. आणि शेवटी साहेब, सगळ्यांचं ऐकून घेऊन मग बोलणारे. मला वाटलं, या जागेवर बसून शहाणपणानं वागायचं तर माणसानं जन्मभर फक्त टाकतच राहायचं.

मी म्हटलं, "उघडतो."

"डावाचं नंतर. आधी ते बोला."

"तेच बोलतो. सुमेधा परीक्षेला बसणार आहे. तिला हे लग्न नको आहे, आणि तिला नको म्हणून मलाही नको. माझा नकार आहे, साहेब."

डॉक्टर पानांकडे असे बघत होते जणू त्यांत नाडी लागते का पाहतात. साहेबांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "कशाच्या जोरावर उघडताय, पंत?"

"तिर्रीच्या जोडीवर." मी दोन्ही पानं उताणी टेबलावर ठेवली.

"पानं दाखवून खेळणारा माणूस मी लुइझियानातही पाहिला नाही."

"तिथं पानं वाटता वाटता कोणी कोणाची नात मागितली नसेल."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. जन्मात एवढं उद्धट मी हेडमास्तरांशीही बोललो नव्हतो.

पुढची पाळी दत्तूची. त्यानं पाचही पानं पालथी ठेवली. "मी टाकली."

साहेब म्हणाले, "मी लग्नाचं विचारतोय, दत्तोपंत."

दत्तू म्हणाला, "नाना बोलले. त्यांच्यापुढं मी काय बोलू?"

हा होकार नव्हता आणि नकारही नव्हता, इंदू. पण तू त्याला ओळखतेस. एवढं बोलायला त्याला किती बळ लागलं असेल.

डॉक्टरांना दवाखान्यात एक बाळंतीण असल्याचं आठवलं. साहेबांनी मधले चिंचोके आपल्याकडे ओढले. "म्हणजे डाव माझाच," म्हणाले आणि दिवा मोठा केला.

आज सकाळीच शिपाई आला. हिरवी साडी, खण, नारळ. निरोप असा की मुहूर्त तोच. पाठोपाठ दुसरा निरोप, की दत्तोपंतांना आजपासून रात्रपाळी, आणि या घरातल्या कोणालाही फाटकाचा पास मिळणार नाही. मी काट्यापर्यंत जायला निघालो तर पहारेकरी आडवा आला. ओळखीचा, रोज रामराम करणारा. "मास्तर, नगा जाऊ. मला हुकूम हाय. तुमी गेला तर माजी भाकर जाईल." मग मी परतलो. त्याच्या भाकरीवर पाय देऊन कुठं जाणार होतो? ज्याच्याकडे बघावं तो साहेबांच्या पगारात, इंदू. कारखान्याचा भोंगासुद्धा मला आता खोलीच्या आतून वाजल्यासारखा ऐकू येतो.

दत्तू माझ्याशी बोलत नाही. बाहेरच्या खोलीत पालथा झोपला आहे, डोळे उघडेच. साडी त्याच खोलीत खुर्चीवर आहे. तुझ्या वहिनीनं ती आत नेली नाही, आणि दत्तूनं ने म्हटलं नाही. सुमेधा स्वयंपाकघरात समीकरणं म्हणते आहे, मोठ्यांदा, मुद्दाम मला ऐकू यावं म्हणून. मी बोललो, त्यानं काय झालं? फाटक होतं त्यापेक्षा घट्ट झालं. तू घेतलीस तरी तिला तुझ्यापर्यंत

कोणीतरी कडी वाजवतं आहे. शिपाई परत आला असेल. जरा थांब.



उभ्यानंच लिहितो आहे, अक्षर लागेल तसं लाव.

शिपाई नव्हता. दारात एक उंच म्हातारी, नऊवारीचा काष्टा, कपाळाला आडवं कुंकू, हातात बैल हाकायची काठी. मागे बन्सी, घाबरलेला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर तुमीच का? मी साळूबाई. गहिनीची आई."

मी म्हटलं, "इंदूचं पत्र…"

"पत्र कशाला? तुमचं आलेलं पोरानं वाचून दावलं. सून म्हनली, मी जाते. मी म्हनलं, तू गेली तर तुजा भाऊ दार लावल. मला कसा लावल? मी व्याह्याकडं चाललेय."

इंदू, ती तुझ्याशी बोलली म्हणायची, एवढ्या वर्षांनी.

"फाटकावर कोणी अडवलं नाही?"

"अडीवलं की. मी म्हनलं, आरं माज्या लेकाची सासुरवाड हाय ही, पास कसला मागतो? त्यो बाजूला झाला. आता जाताना कोन अडीवतो ते बी बगू. पोरगी कुटंय?"

दत्तू उठून बसला होता. तिनं काठी त्याच्याकडे वळवली. "ह्यो का आमच्या सुनेचा भाऊ? आवो पाव्हनं, उनातून आलेय मी. पान्याचं तरी इचारा."

मी हलणार तेवढ्यात दत्तू उठला. सुमेधाला हाक मारली नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. स्वतः आत गेला आणि भरलेला तांब्या घेऊन आला. तिनं ओंजळ पुढं केली, तर म्हणाला, "ओंजळीनं नको. आत येऊन बसा." खुर्चीवरची साडी उचलून त्यानं खाली ठेवली आणि खुर्ची पुढं सरकवली.

पत्र साळूबाईंच्याच हाती देतो. सुमेधाची पुस्तकं बांधायची आहेत, दोरी सापडत नाही.

नाना